टी-शर्टावरचा वाघ धुण्यात जातो? रंग बदलण्याआधी हे तपासा

“ताई, तुमचा वाघ गेला जी.”

ताडोब्याच्या बफरमधल्या गावात असं वाक्य कानावर आलं की लोक वनरक्षकाला फोन लावतात. मी विचारते, “किती धुण्यांत?”

आम्ही सहा जणी नऊ वर्षांपासून पाण्याच्या रंगात स्क्रीनप्रिंट करतो, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून रंग ओढून कापडावर चित्र छापतो. वाघ, अस्वल, रानपिंगळा, नीलवंत फुलपाखरू. गाइड पोरांचे टी-शर्ट, रिसॉर्टच्या दुकानांतला माल, आणि अलीकडे सह्याद्रीतल्या वर्षावनासाठी पैसे उभे करणाऱ्या एका गटाचं काम. एवढ्या वर्षांत बिघाड बहुतेक एकच आला: प्रिंट दोन-तीन धुण्यांत उतरतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी रंगाची कंपनी बदलली. दुसऱ्यांदाही बदलली. तिसऱ्यांदा कळलं की दोष रंगात नव्हताच. आता मेळघाटापासून नागझिऱ्यापर्यंतची पोरंपोरी हेच विचारायला फोन करतात, तर एकदाचं लिहून ठेवते.

लक्षणं

उतरलेला शर्ट मागवून घ्या. फोटोवर निदान करू नका. कसा उतरलाय त्यावरून निम्मं काम होतं.

- सगळा रंग सारखा फिका, बादलीतलं पाणी रंगीत: रंग पक्का झालाच नाही. छापल्यावर द्यायचा ताप कमी पडला किंवा रंगात पाणी पडलं.
- ताणल्यावर भेगा, मग खपल्या: थर जाड होता आणि आतून ओला राहिला, नाहीतर कापडाने रंग धरलाच नाही. गडद शर्टांवर हे जास्त.
- दर शर्टावर एकच कोपरा जातो: हीट प्रेसची, म्हणजे छापलेला शर्ट तापवून दाबणाऱ्या मशीनची, प्लेट तिथे थंड आहे.
- पट्टे राहतात, मिशा जातात: डिझाइन आणि जाळीचं जमत नाही.
- धुण्यात ठीक, पण कोरडा घासला तरी रुमालाला रंग लागतो: पिगमेंट, म्हणजे मूळ रंगद्रव्य, जास्त झालं.
- पांढरा रंग पडून पडून गुलाबी होतो: लाल कापडात पॉलिस्टर आहे, त्याचा रंग वर चढतो. धुण्याचा यात काही संबंध नाही.

एकाच शर्टावर दोन-तीन लक्षणं दिसली तर घाबरू नका. मूळ बहुधा एकच निघतं.

धुतला कसा?

ही तपासणी फुकटातली, म्हणून पहिली. आमच्याकडे कपडा धुणं म्हणजे कपड्याला शिक्षा. बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, मग धुण्याचा सोडा टाकायचा, गरम पाण्यात रात्रभर भिजवायचं आणि सकाळी दगडावर थापीने बडवायचं. एका गाइडच्या आईने माझ्यासमोर ब्रश घेऊन अस्वलाच्या छातीवरचा पांढरा व्ही घासून काढला आणि म्हणाली, “डाग हाय वाटते.” त्या प्रिंटची काय चूक?

म्हणून दर लॉटमधला एक शर्ट विकायचा नाही, घरी ठेवायचा. आम्ही त्याला साक्षीदार म्हणतो. तक्रार आली की तो आपल्या हाताने धुवायचा: उलटा करून, साध्या पाण्यात, साध्या साबणाने, ब्रश नाही, पिळा देणं नाही. साक्षीदार टिकला आणि गिऱ्हाइकाचा गेला तर बोलणं धुण्यावर. साक्षीदारही उतरला तर चूक आपली, पुढे वाचा.

दुसरं, छापल्यावर किती तासांनी धुतला तेही विचारा. रंगात फिक्सर (रंग पक्का करणारं रसायन) असेल तर प्रेसमधून निघाल्यावरही एक-दोन दिवस त्याचं काम चालू असतं. सकाळी छापून संध्याकाळी धुतलेल्या शर्टावरून मी निकाल देत नाही.

ओल्या फडक्याची परीक्षा

पांढरं सुती फडकं ओलं करून पिळा, अंगठ्याला गुंडाळा आणि प्रिंटच्या सगळ्यात गडद जागी वीसदा घासा. फडक्यावर नुसती छाया आली तर चालेल. रंगच आला तर तो लॉट दुकानात पाठवू नका. प्रयोगशाळेत हेच काम यंत्र करतं आणि फडक्याला लागलेल्या डागावरून १ ते ५ गुण देतात, ५ म्हणजे डाग नाही. आपल्या अंगठ्याला इतका हिशेब येत नाही, पण १ आणि ४ मधला फरक त्याला बरोबर कळतो.

या परीक्षेचा खरा फायदा म्हणजे ती धुण्याच्या आधी होते. न धुतलेला कच्चा प्रिंट परत प्रेसमध्ये घालून वाचवता येतो. एकदा धुतल्यावर जे गेलं ते गेलं.

कापड

पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत जिरला तर कापड बरं. अळवावरच्या पाण्यासारखा उभा राहिला तर कापडावर काहीतरी आहे. पाण्याचा रंग धाग्याच्या आत शिरून बसतो. जिथे पाणी शिरत नाही तिथे तोही वरवरच राहणार.

‘काहीतरी’ म्हणजे दोनपैकी एक. हातमागाच्या किंवा खादीच्या कोऱ्या कापडाला ताण्याची खळ असते. त्यावर औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचा एक थेंब टाका, निळाकाळा डाग पडला की खळ आहे. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, साबणाने धुऊन वाळवलं की काम झालं. तयार टी-शर्टाला खळ नसते, पण हाताला लोण्यासारखा लागावा म्हणून गिरणीत सिलिकॉनचं सॉफ्टनर देतात. ते एका धुण्यात पुरतं जात नाही. अशा वेळी मी धुत बसत नाही, माल परत करते. सॅम्पल मागवतानाच थेंब टाकून बघायची सवय लावली तर तीही पाळी येत नाही.

मग जाळून बघायचं. लेबलवर ‘शंभर टक्के सुती’ लिहायला पैसे पडत नाहीत. शर्टाच्या आतल्या कडेचा धागा काढून काडीने पेटवा. कापूस जळताना कागदासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, त्याची कडक गोळी होते. एक गंमत सांगते: धागा कापडाचाच काढा, शिलाईचा नाही. शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचाच असतो. त्यावरून मी एका चांगल्या व्यापाऱ्याला भर बाजारात खोटं पाडलं होतं आणि मग तोंड लपवत फिरले.

‘बांबूचं कापड, म्हणून पर्यावरणाला चांगलं’ असं कोणी सांगितलं तर थोडं थांबा. बाजारातलं बहुतेक बांबूचं मऊ कापड म्हणजे व्हिस्कोस. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला धागा. बांबू काय असतो हे आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. त्याच्या सुपा-टोपल्या होतात, असा लोकरीसारखा मऊ धागा होत नाही. झाड कोणतं होतं आणि ते कुठल्या जंगलातून आलं हे लेबल सांगत नाही, आणि वर्षावनासाठी शर्ट छापायचा तर मला ते माहीत असायला हवं. म्हणून आम्ही बिनरंगवलेला, कापसाच्याच रंगाचा सुती शर्ट घेतो. ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचा असेल तर मात्र कागद मागा. विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कापूस, बहुतेक बीटीची (जनुक बदललेल्या बियाण्याची) आहे, ती इथली आहे एवढ्यावरून सेंद्रिय ठरत नाही.

रंगात पाणी कोणी घातलं?

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अशा हवेत पाण्याचा रंग जाळीतच वाळतो. चार शर्ट झाले की वाघाचा एक डोळा बंद, दहा झाले की अर्धं तोंड गायब. छापणारीचा हात आपसूक पाण्याच्या गडव्याकडे जातो. थोडं पाणी, ढवळलं, जाळी मोकळी, काम चालू. आणि तिसऱ्या धुण्यात फोन येतो.

पेस्टमध्ये पिगमेंटला कापडावर धरून ठेवणारा बाइंडर असतो. पाणी घातलं की दर ओढीला कापडावर पडणारा बाइंडरच कमी होतो. छापताना दिसत नाही, उलट प्रिंट जास्त गुळगुळीत दिसतो. म्हणून उन्हाळ्यातल्या तक्रारीत माझा पहिला प्रश्न असतो, “जाळी बंद पडत होती का?” उत्तर ‘हो’ आलं की मी पुढचं विचारत नाही.

उपाय पाणी घालायचा नाही, वाळू न देण्याचा आहे. पहाटे सहाला छापायला बसा, दहाला आटपा. प्रत्येक ओढीनंतर जाळी उघडी ठेवू नका, हलक्या हाताने रंगाचा थर परत चित्रावर पसरवून ठेवा, म्हणजे भोकं ओली राहतात. कूलरचं तोंड फ्रेमवर नको. जेवायला उठायचं तर आधी रंग काढून जाळी पुसा. ‘पाचच मिनिटं’ म्हणून उठलेली बाई अर्ध्या तासाने येते आणि फ्रेम गेलेली असते. तरीही जमलं नाही तर पेस्टच्याच कंपनीचं रिटार्डर (रंग हळू वाळावा म्हणून घालायचं द्रव्य) वापरा, डब्यावर दिलं आहे तेवढंच.

पिगमेंटचंही माप ठेवा. आम्ही शंभर ग्रॅम बाइंडरला पाच ग्रॅम धरतो, काळ्याला थोडं जास्त. काळा अजून काळा व्हावा म्हणून ओतत गेलात तर गिलाव्यात सिमेंट कमी आणि वाळू जास्त अशी गत होते. हात लावला की झडतं. चमच्याने नका मोजू, काट्यावर मोजा. फिक्सर घातलेला रंग त्याच दिवशी संपवायचा. आम्ही डब्याला कागदी पट्टी लावून वेळ लिहितो आणि उन्हाळ्यात दोन तासांपुरताच कालवतो. टिनाच्या शेडमध्ये डबे भट्टीसारखे तापतात, म्हणून ते रांजणाशेजारी ओल्या पोत्याखाली ठेवायचे.

ताप

इथवर सगळं ठीक निघालं तर आता खऱ्या गुन्हेगाराकडे या. माझ्याकडे आलेल्या दहा शर्टांपैकी सहा-सात इथेच अडकलेले असतात.

“एवढं ऊन हाय जी, टिनावर पापड भाजते. मशीन काहून लागते?” हे मला वर्षातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. एकदा भर दुपारी टिनावर टाकलेला शर्ट मी मोजला, ६४ अंश. पाणी उडायला तेवढं पुष्कळ आहे. पण बाइंडरचे कण पाण्यात सुटे तरंगत असतात. पाणी गेल्यावर ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा व्हावा आणि धाग्याला घट्ट धरावा यासाठी बहुतेक पेस्टना १५० ते १६० अंश ताप दोन-तीन मिनिटं लागतो. नेमका आकडा डब्यावर असतो, तोच पाळा. उन्हात वाळलेला प्रिंट म्हणजे वरून सुकलेलं सारवण. दिसतं कोरडं, बोट घातलं की पोपडा येतो.

आणि हा ताप कापडावरच्या रंगाला मिळाला पाहिजे, मशीनच्या काट्याला नाही. कापडात ओल असेपर्यंत त्याचं तापमान शंभराच्या पुढे सरकत नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. तुमची दोन मिनिटं काट्यावर पूर्ण होतात, रंगाला त्यातलं अर्धं मिनिटच मिळतं. पावसाळ्यात हे जास्त भोवतं. एरवीही सुती कापड आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओल हवेतून धरून ठेवतं, श्रावणात तर त्याहून जास्त. हाताला कोरडा लागणारा शर्ट कोरडा नसतो.

हे मला ज्या कामात कळलं ते सांगते. वर्षावनवाल्या गटाचं पहिलंच काम होतं, महाधनेशाचे साठ शर्ट. आमच्या साग-बांबूच्या पानगळीच्या जंगलात हा पक्षी नाही, आमच्याकडे लहान राखी धनेश. महाधनेश सह्याद्रीच्या सदाहरित रानातला. जुन्या उंच झाडाच्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. अशी झाडं राहिली तर पक्षी राहील, म्हणून दर शर्टामागे काही रक्कम त्या झाडांसाठी, असा त्यांचा हिशेब होता. काळं अंग, पिवळी चोच, चोचीवरचं पिवळं शिंगाड. दोन स्क्रीन, सोपं काम. कापूस वेचणीचे दिवस होते, बाया सकाळी वावरात जायच्या, म्हणून आम्ही संध्याकाळी छापलं.

आठवड्याने मी साक्षीदार धुतला. साबणाच्या फेसात पिवळी चोच कडेकडेने विरत गेली आणि दगडावरून हळदीच्या पाण्यासारखा ओघळ आला. काळा टिकला होता, तोही राखाडी होऊन. (पुढे त्या गटातल्या पोरीने सांगितलं की खुद्द महाधनेशाचा पिवळाही वरून लावलेलाच असतो. शेपटीजवळच्या ग्रंथीतलं पिवळं तेल तो चोचीला आणि पिसांना घासतो. तो रोज परत लावतो, आम्हाला ती सोय नव्हती.)

नशीब की प्रत्येक शर्टाच्या गळ्याआत मी पेन्सिलीने नंबर टाकला होता. सगळ्यांवर ओलं फडकं घासलं. एक ते बारा पक्के. पंधरापासून डाग, तिशीपुढे नुसता रंग. म्हणजे रंग तोच, कापड तेच, हात तेच, पण संध्याकाळ चढत गेली तसा ताप उतरत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला वायरमनच्या मीटरने प्लगमध्ये मोजलं. १८० व्होल्ट. ओलितासाठी विहिरीवरच्या सगळ्या मोटरी त्याच वेळी सुरू होत्या.

व्होल्टेज थोडं पडलं तर ताप थोडाच पडेल असं वाटतं, पण हिशेब वर्गाचा, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेजचा, आहे. २३० च्या जागी १८० मिळाले तर उष्णता ६१ टक्केच राहते. १,६०० वॉटचं मशीन साधारण ९८० वॉटवर चालतं. पहिल्या शर्टांना साठवलेला ताप मिळतो, पुढचा प्रत्येक थंड शर्ट प्लेटमधून थोडा काढून घेतो आणि भरपाई होत नाही. आमच्या मशीनचा काटा मात्र १६० च दाखवत होता, कारण त्याचा सेन्सर आत हीटरपाशी आहे. ते साठ शर्ट आम्ही पदरमोड करून परत छापले. उतरलेल्यांची फडकी झाली, अजून वापरतोय.

तर ताप तपासायचा तो असा, स्वस्तापासून महागापर्यंत:

वर्तमानपत्राचा कागद सारखा ओला करून प्लेटखाली दोन-तीन सेकंद दाबा. जिथे ओला राहिला ती जागा थंड. एकच कोपरा जाण्याचं रहस्य इथेच उलगडतं. कधी प्लेट खराब असते, कधी खालच्या फोमला खड्डा पडलेला असतो, तर कधी शर्टाची जाड शिवण मध्ये येऊन बाकीचा भाग उचलला जातो. शेवटचे दोन तुम्ही स्वतः सुधारू शकता.

मग सवय बदला. शर्ट आधी वाळत घाला. प्रेसमध्ये घातल्यावर लगेच दाबू नका, प्लेट इंचभर वर धरून वाफ दिसेनाशी होईपर्यंत थांबा. मग बटर पेपर ठेवून दाबा, मध्ये एक-दोनदा उघडून कोंडलेली वाफ सोडा. दोन शर्टांच्या मध्ये प्लेटला दम खाऊ द्या. वेग निम्मा होतो, पण परत छापण्यापेक्षा लवकरच होतं. घरच्या इस्त्रीवर करत असाल तर वाफेचं पाणी काढून टाका, कॉटनच्या खुणेवर ठेवा, आणि इस्त्री फिरवत बसण्यापेक्षा दर जागी दाबून धरा. पाच-दहा शर्टांना इस्त्री पुरते, पन्नासांना नाही.

यानंतर मोजायचं साधन. इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक चकचकीत धातूवर खोटं बोलते. प्लेट उघडताक्षणी छापलेल्या कापडावर धरा. त्याहून खात्रीच्या म्हणजे ताप चढला की रंग बदलणाऱ्या चिकटपट्ट्या. प्रिंटशेजारी लावायची, १५० चं घर काळं झालं की विषय संपला. मीटर असेल तर पहिल्या आणि विसाव्या शर्टाच्या वेळी व्होल्टेज लिहून ठेवा. फरक दिसला तर काम सकाळी घ्या. आम्ही तेच केलं, एक रुपया खर्च न करता.

मिशा का जातात

पट्टे टिकून फक्त बारीक रेघा जात असतील तर ताप पुरेसा आहे, तिथे रंगच कमी पडतो. ५५ नंबरच्या जाळीत एका सेंटिमीटरमध्ये ५५ धागे. त्यांच्यामधून केसाएवढी मिशी न्यायची तर ती तुटक उतरते आणि तुटक रेघ आधी धुपते. आम्ही सुती टी-शर्टावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवत नाही. बारीक ठिपक्यांची छटा हवी तर ७७ ची जाळी घ्या, पण तिच्यातून रंगही कमी पडतो हे धरून चाला.

याहून चांगली युक्ती मला एका चुकीच्या फिल्मने शिकवली. वाघाच्या तोंडाची फिल्म (जिच्यावरून जाळीवर चित्र उतरतं ती) उलटी निघाली, मिशा भरीव व्हायच्या त्या कोऱ्या राहिल्या. छापून पाहिलं तर काळ्या-केशरी तोंडावर कापडाचाच पांढरा रंग मिशी होऊन उठला होता. जी मिशी छापलीच नाही ती धुण्यात जाणार कशी? तेव्हापासून डिझाइन करताना आधी विचारते, या प्राण्यात कापडाला काय काय करता येईल? महाधनेशाची मान आणि शेपटी कापडाची. सिंहपुच्छ वानराची रुपेरी आयाळ कापडाची, फक्त काळं तोंड आणि अंग छापायचं. रानपिंगळ्याच्या पोटाचा पांढरा कापडाचा. रंग कमी, स्क्रीन कमी, आणि प्रिंट अंगाला प्लास्टिकसारखा चिकटत नाही. कोऱ्या फटी मात्र भरीव रेघेपेक्षा जाड ठेवा, ओला रंग पसरून त्या मिटतात.

गडद शर्टाचं दुखणं सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी. काळ्यावर रंग दिसायला खाली पांढऱ्या खादी पेस्टचा (कापडाचा रंग झाकणाऱ्या पेस्टचा) थर लागतो, तो सुकवून वर दुसरा. जाड थर आतून पिकत नाही आणि भेगा जातात. एक जाड ओढ मारण्यापेक्षा दोन पातळ मारा, मध्ये हीट गनने वरवर सुकवा, शेवटी ताप नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. तरी दहातले दोन रुसतातच. मी सरळ सांगते, वर्षावनाच्या नावाने विकायचा शर्ट गडद नकोच. नाहीतर लोक प्लास्टिसॉलकडे, म्हणजे प्लास्टिकच्या रंगाकडे, वळतात. ते टिकतं, यात वाद नाही, पण ते बहुधा पीव्हीसीचं असतं आणि फ्रेम धुवायला पेट्रोलजातीची रसायनं लागतात. सेंद्रिय कापडाचं जीओटीएस मानक पीव्हीसीची छपाई चालवून घेत नाही. आमचा पाण्याचा बाइंडरही शेवटी अॅक्रिलिकच आहे, त्यामुळे ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं आम्ही टॅगवर लिहीत नाही. ‘पीव्हीसी नाही’ एवढंच लिहितो.

उरलेला रंग खरडून डब्यात परत घ्यायचा. फ्रेम धुतलेलं पाणी टाकीत घेऊन तुरटी फिरवायची, गाळ खाली बसतो, तो वाळवून कचऱ्यात. नाल्यात नाही. आमचा नाला ज्या तलावाला जातो तिथे रात्री आमचंच गिऱ्हाईक, म्हणजे छापलेलं, पाणी प्यायला येतं.

इथे थांबा

प्रेसला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, प्लग गरम झाला किंवा जळका वास आला तर त्याच क्षणी मेन स्विच बंद. टेस्टर घेऊन आत डोकावू नका. एवढ्या मशीनला १६ अँपिअरचा पॉइंट आणि खरी अर्थिंग लागते, पाइपाला गुंडाळलेली तार नाही. हे इलेक्ट्रिशियनचं काम. व्होल्टेज रोजच १९० च्या खाली असेल तर स्टॅबिलायझर घेण्याआधीही त्यालाच विचारा. लहान स्टॅबिलायझर हा भार ओढत नाही, जळतो. प्लेटचा एक भाग कायम थंड असेल तर आतलं हीटर गेलं आहे, मशीन दुरुस्तीला द्या.

इमल्शनमध्ये, म्हणजे जाळीवर चित्र उमटवण्याच्या लेपात, नारिंगी भुकटी मिसळायला कोणी देत असेल तर घेऊ नका. ते बायक्रोमेट आहे. कातडीला जखमा करतं आणि कर्करोगालाही कारण होतं. डायझोचं, पाण्याच्या रंगाला टिकणारं इमल्शन मागा. काही डोळ्यात उडालं असेल तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुवा; त्यानंतर, किंवा बोटांमध्ये बरी न होणारी चीर पडली असेल तरीही, डबा सोबत घेऊन दवाखान्यात जा. कापडाचाच रंग उडवणारी डिस्चार्ज छपाई घरात किंवा बंद शेडमध्ये करू नका, तापवताना फॉर्मल्डिहाइड सुटतं.

सगळं तपासून, ताप मोजून, तरी साक्षीदार उतरत असेल तर स्वतःला दोष देत बसू नका. न धुतलेले दोन शर्ट, पेस्टच्या डब्याचा बॅच नंबर आणि तापाची नोंद घेऊन कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा. धुण्याचा पक्केपणा आणि घासण्याचा पक्केपणा अशा दोनच चाचण्या सांगा, बाकीच्यांनी नुसतं बिल वाढतं.

दोनशेच्या वरची ऑर्डर आली तर आम्ही हीट प्रेसवर झगडत नाही. छपाई इथेच करतो आणि वाळवलेले शर्ट कन्व्हेयर ड्रायरवाल्याकडे (चालत्या पट्ट्यावर शर्ट तापवणारं मशीन असलेल्याकडे) नागपूरला जॉबवर्कला पाठवतो. पहिले पाच आधी परत मागवायचे, धुवायचे, मग बाकीच्यांना हिरवा कंदील. तोवर गाडीभाड्याचं काय ते आधीच ठरवून घ्या, मागून वाद होतो.